भुइँचालो आणि पहिरो : लांगटांगचे नऊ दिवस

पहिला दिवस, 29 ऑक्टोबर 2023 : काठमांडू ते स्याफ्रुबेसी

काठमांडूच्या माछापोखरी स्टँडवर जीपमध्ये बसलो, तेव्हा नेपाळ नुकतंच एका धक्क्यातून सावरत होतं. बरोबर आठवड्यापूर्वी, 22 ऑक्टोबरच्या सकाळी धादिंग जिल्ह्यात 6.1 क्षमतेचा भूकंप झाला होता. दसऱ्याचे दिवस, शहरातली माणसं गावी आलेली. आईनं घरून विचारलं होतं, "आत्ताच जायला हवं का?" भावानं माझ्याकडे पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला.

आम्ही दोघं औसा तालुक्यातले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते, हा चार. आमचं माळवदाचं घर होतं, दगड-मातीच्या हात-दोन हात रुंद भिंतींचं. त्यातली एक भिंत आजीच्या अंगावर पडली. पुढे मी शाळेत भूगोल शिकवायला लागले. भूकंपाचे परिणाम सांगताना एक मुद्दा असतो : डोंगराळ भागात दरडी कोसळतात. एवढीच ओळ. मुलं ती पाठ करतात आणि पुढच्या मुद्द्यावर जातात. 2015 साली नेपाळच्या भूकंपात लांगटांग नावाचं अख्खं गाव गाडलं गेल्याचं वाचलं आणि तेव्हापासून ती ओळ फळ्यावर लिहिताना माझा हात अडखळायला लागला. ते गाव पुन्हा वसलंय हे कळलं तेव्हा ठरवलं, एकदा जाऊन यायचं.

आमचा गाईड याच दरीच्या रसुवा जिल्ह्यातला, तामाङ समाजाचा. आम्ही त्याला 'दाइ' म्हणायचो, तो मला 'दिदी'. हिंदी चांगलं बोलायचा. धादिंगच्या धक्क्यानंतर त्याच्या घरचे सगळे एक रात्र अंगणात झोपले होते. "भीती नाही, पण आत झोप येत नाही," म्हणाला. मला ते वाक्य फार ओळखीचं वाटलं. किल्लारीनंतर आमच्याकडे कितीतरी महिने माणसं घर उभं असूनही बाहेर बाज टाकून झोपायची.

त्रिशूली बाजारापर्यंत रस्ता बरा आहे. कालिकास्थानच्या पुढे जीप डोंगराच्या कडेनं चालायला लागते आणि रामचेच्या आसपास रस्ता एका मोठ्या दरडीच्या पोटातून जातो. इथला डोंगर वर्षानुवर्षं सरकतोय. डांबर टाकायचं आणि पावसाळ्यात ते नदीकडे जायचं, असं चालू आहे. ड्रायव्हरनं गाणी बंद केली आणि काच खाली केली. दाइ म्हणाला, इथे कानानं गाडी चालवावी लागते. वरून बारीक खडे घरंगळल्याचा आवाज आला तर थांबायचं, नाहीतर थांबायचंच नाही.

नेपाळीत भूकंपाला 'भुइँचालो' म्हणतात आणि दरडीला 'पहिरो'. भुइँचालो ऐकलं आणि मराठी माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही : भुई चालली. 'पहिरो गयो' म्हणजे दरड गेली. आपण दरड 'कोसळली' म्हणतो, तिथे ती 'जाते'. निघाली आणि गेली. खाली काय होतं याचा त्या क्रियापदात पत्ताच नाही.

संध्याकाळी स्याफ्रुबेसीला पोचलो. सव्वाशेच्या आत किलोमीटर, पण जवळजवळ आठ तास लागले.

कामाच्या गोष्टी इथेच सांगते. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. लांगटांग राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशाला सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशी लोकांपेक्षा कमी पैसे पडतात, तेव्हा ओळखपत्र हाताशी ठेवा. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी होतात. वाटेवर एटीएम नाही, सगळी रोकड खालूनच न्यायची. चौक्यांवर नाव नोंदवायला कंटाळा करू नका. 2015 साली दरीत नक्की कोण कोण होतं हे शोधताना अशा नोंदींचं मोल लोकांना कळलं.

दुसरा दिवस, 30 ऑक्टोबर : लामा हॉटेल

सकाळी भोटेकोशीवरचा झुलता पूल ओलांडला आणि लांगटांग खोलाच्या काठानं वर निघालो. 'खोला' म्हणजे ओढा, पण पाण्याचा आवाज असा की भावाशी बोलायला त्याच्या कानाशी जावं लागत होतं. जंगल दाट, ओलं, शेवाळ्यानं भरलेलं. लंगूर माकडांची एक टोळी झाडावरून आमच्याकडे बघत बसली होती. समोरच्या कड्यावर आग्यामोहोळं लटकलेली, मोठाली, काळपट, अर्ध्या चंद्रासारखी.

दोनेक तासांनी चहाला थांबलो त्या जागेचं नावच 'पहिरो'. दोन-तीन लॉज, बाकं, मोजे वाळत घातलेले. बाकावरून वर पाहिलं तर डोंगराची एक बाजू खरवडून काढल्यासारखी. जुनी दरड, तिच्यावर आता झाडोरा आलेला. चहा देणाऱ्या 'बहिनी'ला (नेपाळीत धाकटी बहीण) विचारलं, इथे राहायला भीती नाही वाटत? तिनं हातानं दाखवलं : समोर उतार, मागे उतार, वर उतार, आणि मध्ये हा एवढासा सपाट तुकडा. तेवढ्यातच बाक मांडता येतं. मी तेव्हा मान डोलावली. तिनं काय सांगितलं ते कळायला मला पुढचे चार दिवस लागले.

दाइनं वाटेत दगड बघायला शिकवलं. जुना दगड काळपट असतो, त्यावर शेवाळ, दगडफुलाचे डाग. नुकताच पडलेला दगड फिका, कडा धारदार, आणि त्याच्या आसपासचं गवत अजून दबलेलं. बांबू नावाच्या थांब्याच्या पुढे असे काही फिके दगड वाटेवरच दिसले. परवाच्या धक्क्यानं आले की गेल्या पावसानं सुटले, हे कोणी सांगू शकत नाही. बहुधा दोघांचं मिळून काम असतं. भूकंप डोंगर नुसता पाडत नाही, तो डोंगराला भेगाही देऊन जातो. मग पुढचे कितीतरी पावसाळे त्या भेगांत पाणी मुरतं आणि उरलेला माल हप्त्याहप्त्यानं खाली येतो. म्हणून भूकंप थांबला की डोंगरातल्या माणसाचं संकट संपलं असं होत नाही.

अशा पट्ट्यातून जाताना एकेकट्यानं, अंतर ठेवून जायचं. कानात इयरफोन नको. फोटो पलीकडे गेल्यावर काढायचे. सकाळी लवकर निघालात तर ऊन चढून बर्फ-माती सैल व्हायच्या आत कडे पार होतात. जून ते सप्टेंबर या वाटेला येऊ नये, हे तर आहेच.

लामा हॉटेल हे गावाचंच नाव, उंची साधारण 2,480 मीटर. रात्री ढिंडो आणि गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, खाल्लं. ढिंडो म्हणजे कोदो (नाचणी) किंवा मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा. तो आमटीत बुडवून गिळायचा, चावायचा नाही. बरोबर टोमॅटोची चटणी होती आणि तिच्यात टिमुर. एक घास घेतला आणि भाऊ म्हणाला, "ताई, हे तर आपलं तिरफळ!" अगदी तेच नाही, पण भावंडं नक्की.

तिसरा दिवस, 31 ऑक्टोबर : लांगटांग

या दिवसाबद्दल सावकाश लिहिते.

घोडातबेलाला जंगल संपतं आणि दरी एकदम रुंद होते. हिमनदीनं कोरलेली दरी, इंग्रजी यू अक्षरासारखी. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि तळ सपाट. फळ्यावर ही आकृती मी शंभरदा काढली असेल. प्रत्यक्षात तिच्या आत उभं राहिल्यावर पहिल्यांदा जाणवलं की त्या अक्षराच्या दोन उभ्या रेघा माझ्या डोक्यावर दोन-तीन किलोमीटर वर जातात आणि त्यांच्या टोकाला बर्फ लटकलेला आहे.

थांग्स्यापच्या पुढे दाइ थांबला आणि नदीपलीकडच्या उताराकडे बोट केलं. झाडं आडवी पडलेली. शेकडो खोडं, राखाडी, वाळलेली, सगळी एकाच दिशेला. दगड तिथवर पोचलाच नव्हता. ती झाडं वाऱ्यानं पाडली होती.

25 एप्रिल 2015, शनिवार, सकाळचे 11 वाजून 56 मिनिटं. गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ 7.8 क्षमतेचा भूकंप झाला. बारपाक इथून बरंच पश्चिमेला आहे. मग लांगटांगवर एवढं का आलं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. कारण असं की खडक एका बिंदूपाशी फाटून थांबत नाही. तो बारपाकपासून पूर्वेकडे, काठमांडूच्या उत्तरेनं, दीडशे किलोमीटरच्या आसपास फाटत गेला. रसुवा, नुवाकोट, सिंधुपाल्चोक ही सगळी डोंगराळ मुलूख त्या फाटण्याच्या वाटेवर होती. त्या भूकंपानं आणि नंतरच्या धक्क्यांनी सुमारे 25 हजार दरडी कोसळल्या, असं उपग्रहांच्या छायाचित्रांवरून मोजलं गेलं. त्यातल्या बहुतेक अशा ठिकाणी की जिथे कोणी पाहायला नव्हतं.

लांगटांगला होतं. गावाच्या माथ्यावर लांगटांग लिरुङ हे सात हजार मीटरहून उंच शिखर. त्या हिवाळ्यात तिथे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बर्फ पडला होता. धक्क्यानं वरचा बर्फ आणि हिम सुटलं, येता येता खडक घेत आलं, गावाच्या वरच्या कड्यावरून उडी घेऊन दरीत आदळलं. त्यानं पुढे ढकललेल्या हवेचा झोत इतका जबर होता की पलीकडच्या उतारावरची ती झाडं भुईसपाट झाली. गावात, लॉजमध्ये, वाटेवर मिळून तीनशेच्या वर माणसं गेली. गावकरी, मजूर, परदेशी पाहुणे, सैनिक.

आणि मग वाट त्या ढिगाऱ्यावर चढली.

पार करायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. राखाडी माती, घराएवढ्या शिळा, मुठीएवढे दगड, सगळं एकमेकांत कालवलेलं. नदीच्या गोट्यांसारखा एकही दगड गोल नाही. आठ वर्षांत आतला बर्फ वितळत गेला तसा ढिगारा खचत गेलाय, त्यामुळे चढ-उतार विचित्र आहेत. वाऱ्याशिवाय आवाज नव्हता. दगडांमधून गंजलेल्या पत्र्याचं एक टोक वर आलं होतं. थोडं पुढे लाकडाचा एक तुकडा, त्यावर नक्षी, खिडकीच्या चौकटीची असावी. भाऊ खाली वाकला आणि हात न लावताच उठला. आम्ही गावावरून चालत होतो.

एकच घर वाचलं. ते अजून उभं आहे, अगदी कड्याच्या पायथ्याला, कड्याला पाठ लावून. वरून आलेलं सगळं त्याच्या डोक्यावरून पुढे उडालं. इतर कुठल्याही दिवशी कोणी म्हणालं असतं, असं कड्याला चिकटून घर कशाला बांधलं?

ढिगाऱ्याच्या पलीकडे थोडं वर नवं लांगटांग आहे. रंगीत पत्रे, दगडी भिंती, प्रत्येक दुसरं घर लॉज. आम्ही उतरलो तिथली मालकीण साठीच्या पुढची, सगळे तिला 'आमा' म्हणत, आम्हीही म्हणालो. चुलीपाशी बसवून तिनं आधी सीबकथॉर्नचा गरम रस दिला. नारिंगी, आंबट, डोळे मिटायला लावणारा. ही काटेरी झुडपं दरीभर आहेत.

मी काही विचारलं नव्हतं. भावानं फक्त सांगितलं की आमच्याकडेही मोठा भूकंप झाला होता, आम्ही लहान होतो. दाइनं ते तिला तिच्या भाषेत सांगितलं. तिनं लसूण सोलायचं थांबवलं नाही. थोड्या वेळानं बोलायला लागली आणि दाइ हळूहळू हिंदीत सांगत गेला. ती त्या दिवशी वरच्या अंगाला बटाट्याच्या शेतात होती. आधी भुइँचालो. जमीन थांबली तेव्हा शेतातल्या बायका एकमेकींना धरून उभ्या होत्या. वाचलो, असं त्यांना वाटलं. मग वारा आला. वाऱ्याबरोबर बर्फाचा पांढरा धूर, आणि भरदुपारी काळोख. काळोख ओसरला तेव्हा तिनं खाली गावाकडे पाहिलं.

पुढचं तिनं सांगितलं नाही, दाइनंही नाही.

हेलिकॉप्टरनं सगळ्यांना काठमांडूला नेलं. स्वयंभूजवळ एका गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, आवारात तंबू ठोकून ही माणसं महिनोन् महिने राहिली. मग एकेक करून परत आली. का, असं भावानं विचारलं. आमा म्हणाली, याक शहरात कुठे बांधणार? आणि मग पहिरोच्या त्या बहिनीनं केला होता तोच हात : समोर उतार, मागे उतार. "दुसरी सपाट जागा दाखव, तिथे जाते."

लॉजच्या भिंतीत जोत्यापाशी, खिडक्यांखाली आणि खिडक्यांवर सिमेंटचे आडवे पट्टे होते. 2015 नंतर सरकारी अनुदानातून घर बांधायचं तर ते घालावेच लागत. अनुदान तीन लाख नेपाळी रुपये, हप्त्यांनी. भिंत हलली तरी दगड सुटून आत पडू नयेत, म्हणून हे पट्टे. आमच्या जुन्या घराला असा एक पट्टा असता तर, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो बराच वेळ धरून बसले. पण वरून डोंगरच आला तर पट्टा काय करणार? हलणाऱ्या जमिनीसाठी घर मजबूत करता येतं. दरडीसाठी घर फक्त दुसरीकडे बांधता येतं. आणि दुसरीकडे कुठे, हा आमाचा प्रश्न आहे.

चौथा दिवस, 1 नोव्हेंबर : क्यांजिन गोम्पा

सकाळी स्मारकापाशी गेलो. भिंतीवर नावं कोरलेली आहेत. एकेका घरातली चार-चार, पाच-पाच नावं ओळीनं. एक म्हातारा माळ ओढत प्रदक्षिणा घालत होता. आम्ही त्याच्या मागे तीन घातल्या आणि निघालो.

क्यांजिन तीन तासांवर, 3,870 मीटर. वाटेत मणिशिळांच्या, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या, लांबच लांब भिंती लागतात. त्या आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, तशी पद्धत आहे. ओढ्यांवर पाण्यानं फिरणारी प्रार्थनाचक्रं. बारबेरीची झुडपं लालभडक, लार्चची झाडं पिवळी. समोर गांगचेन्पो, चुण्या घातलेल्या पांढऱ्या वस्त्रासारखा. दुपारी बारानंतर दरीतून वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही, तेव्हा त्याच्या आत पोचलेलं बरं.

पाचवा दिवस, 2 नोव्हेंबर : मुक्काम

उंचीची सवय व्हावी म्हणून हा दिवस मोकळा ठेवला होता. ठेवाच. भावाचं डोकं आदल्या रात्री ठणकत होतं, सकाळी लसणाचं सूप आणि दोन तास चालणं यानं उतरलं. ठणका वाढत गेला किंवा पाय लटपटायला लागले, तर औषधाची वाट न बघता खाली उतरायचं.

इथली चीजची छोटी फॅक्टरी 1950 च्या दशकात स्विस मदतीनं उभी राहिली. तुकडा विकत घेऊन उन्हात बसून खाल्ला. बाहेर नऊ-दहा वर्षांच्या मुली दगड मांडून घरं-घरं खेळत होत्या. भूकंपाच्या वेळी त्या जेमतेम पाळण्यात असतील.

सहावा दिवस, 3 नोव्हेंबर : त्सेर्को री

पहाटे साडेचारला बॅटरीच्या उजेडात निघालो. वद्य पक्षातला अर्ध्याहून मोठा चंद्र डोक्यावर होता, त्यामुळे बॅटरी लवकरच बंद केली. माथा 4,984 मीटर. शेवटचा तास मी मोजून तीस पावलं आणि थांबणं असा चढले.

वरून दिसतं ते सगळे लिहितात, मी वेगळं लिहिते. हा डोंगर म्हणजे एक दरड आहे. हजारो वर्षांपूर्वी, हिमयुगात, इथला एक प्रचंड डोंगर घसरला. कणखर स्फटिकी खडकांत झालेल्या जगातल्या सर्वांत मोठ्या दरडींपैकी ही एक. घसरलेला खडक दहा घन किलोमीटरच्या घरात असावा, असं अभ्यासक मानतात. घसरताना तळाशी इतकी उष्णता झाली की घर्षणानं खडक वितळला आणि थिजून काचेसारखा झाला. पुढे हिमनद्यांनी त्यातलं पुष्कळ खरवडून नेलं. उरलं त्यातला हा माथा, ज्यावर आम्ही पताकांच्या दोरीला धरून उभे होतो. खडकाचं मूळ कधी कळलं नसतं, पण माहीत असल्यावर दिसतं. सगळं चुरडलेलं, तडकलेलं, पुन्हा बसलेलं.

भाऊ म्हणाला, "ताई, म्हणजे आपण पहिऱ्यावर चढलो?"

मी खाली पाहिलं. क्यांजिनचा पठारी तुकडा हिमनदीनं आणून टाकलेल्या मालाचा. खाली मुंडूकडे ओढ्यांच्या तोंडाशी पंख्यासारखे पसरलेले उतार, त्यांवर बटाट्याची शेतं. तो प्रत्येक पंखा वरून आलेल्या दगड-मातीचा. या दरीत देवानं सपाट जमीन कुठेच दिलेली नाही. जिथे म्हणून चार घरं आणि एक शेत मावतं, ती जागा कधी ना कधी वरून खाली आलेली आहे. पहिरोच्या चहावालीनं आणि आमानं एकच हात करून हेच सांगितलं होतं. दरडीखाली का राहता, असं आपण त्यांना विचारतो. ते दरडीवर राहतात. दुसरं काही नाहीच.

मग सावध तरी कसं राहायचं? दाइनं उतरताना त्याला ठाऊक असलेलं सांगितलं. नव्या घरांच्या जागा ठरवताना माणसं आता आधी वर बघतात : लटकता बर्फ कुठे आहे, कडा कुठे फुगलाय, ओढ्याचं पाणी अचानक गढूळ किंवा कमी झालंय का. ओढ्याचं पाणी आटलं तर वर दरडीनं तो अडवलाय, तळं साचतंय, हे समजून नदीकाठ सोडायचा. धक्का बसला तर उताराच्या पायथ्यापासून आणि घळीच्या तोंडापासून बाजूला पळायचं. आणि एक धक्का थांबला की लगेच सामान आणायला परत जायचं नाही. त्या 25 एप्रिलनंतर 12 मे रोजी पुन्हा 7.3 चा धक्का आला होता.

एवढं मी आता रोज वर्गात सांगू शकते. मुक्कामी असाल तर बूट आणि बॅटरी उशाशी ठेवा, हेही.

संध्याकाळी लवकर झोपलो.

सातवा दिवस, 4 नोव्हेंबर : उतरणी

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर कोणी बोलत नव्हतं. सगळे एका मोबाईलभोवती उभे. रात्री 11 वाजून 47 मिनिटांनी पश्चिम नेपाळात, जाजरकोटमध्ये भूकंप झाला होता. आम्हाला तिथे काही जाणवलं नव्हतं. दाइ मात्र म्हणाला, तो त्या सुमाराला जागा झाला होता, का ते कळलं नव्हतं. चहा होईपर्यंत मृतांचा आकडा शंभराच्या पुढे गेला. नंतर तो दीडशेच्या वर गेला.

नेपाळच्या भूकंप केंद्रानं क्षमता 6.4 सांगितली. मोठ्या भूकंपांत हा बसत नाही. पण वेळ मध्यरात्रीची, माणसं झोपलेली, आणि जाजरकोट-रुकुमची घरं दगड-मातीची, पट्ट्याविना. पडद्यावर एक भिंत दिसली, नुसता दगडांचा ढीग झालेली, त्यातून गोधडीचं टोक बाहेर आलेलं. भावानं फोन माझ्यापुढून बाजूला नेला. चार वर्षांचा होता तो तेव्हा, त्याला काही आठवत नसेल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या गोधडीकडे तो ज्या नजरेनं पाहत होता, त्यावरून कळलं की त्याला आठवतं.

वाटाही बंद होत्या. दरडी आल्यामुळे बचाव पथकांना वरच्या गावांपर्यंत पोचायला वेळ लागत होता. स्वयंपाकघरातली माणसं एकमेकांना विचारत होती ते हेच : वाट उघडली का? किती जणांचा भुइँचालोत अंत झाला यापेक्षा त्यांना वाटेची काळजी जास्त होती. वाट तुटलेल्या दरीत हेलिकॉप्टरच्या आवाजाची वाट बघणं म्हणजे काय, हे त्या खोलीत आम्हा दोघांखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

लांगटांगला दुपारच्या जेवणाला थांबलो. आमाला बातमी कळली होती. तिनं दालभात वाढला, भाऊ नको म्हणत असताना भात पुन्हा वाढला. मग आत गेली आणि दोन जाड लोकरी कांबळी घेऊन आली, घडी करून दोरीनं बांधलेली. काठमांडूत मदत गोळा होत असेल तिथे द्या, म्हणाली. तिकडे आता थंडी पडली असेल, माणसं बाहेर झोपत असतील. तिच्या मागून शेजारची बाई आली, तिच्या हातात छुर्पीची, म्हणजे वाळवलेल्या कडक चीजची, पिशवी. आणखी एक म्हातारा आला, त्यानं पाचशेच्या दोन नोटा दाइच्या खिशात घातल्या आणि काही न बोलता गेला.

भावानं स्वतःची पाठपिशवी रिकामी केली. आपले कपडे माझ्या पिशवीत कोंबले आणि कांबळी त्यात भरली. ढिगारा पार करताना तो पुढे होता. या वेळी आम्ही कुठेही थांबलो नाही.

अंधार पडता पडता लामा हॉटेल.

आठवा आणि नववा दिवस, 5 आणि 6 नोव्हेंबर : स्याफ्रुबेसी, काठमांडू

उतरताना गुडघे बोलतात. काठी न्या, एक नाही, दोन. पहिरोला पुन्हा चहा घेतला. त्या बहिनीनं जाजरकोटचं विचारलं आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. दाइनं ते पैसे म्हाताऱ्याच्या नोटांबरोबर ठेवले.

रामचेला परतीच्या वाटेवर गाड्या थांबल्या होत्या. एक यंत्र रस्त्यावरचे दगड बाजूला ढकलत होतं. सव्वा तास गेला. लोक खाली उतरून वर बघत उभे होते, कोणी कोणाला घाई करत नव्हतं.

काठमांडूत बौद्धनाथ स्तूपाजवळच्या एका गल्लीत तंबू टाकून मदत गोळा होत होती. ताडपत्र्या, चटया, तांदळाची पोती, लहान मुलांचे स्वेटर. वहीत नाव लिहिणाऱ्या मुलीनं विचारलं, कोणाकडून लिहू? भाऊ म्हणाला, लांगटांगहून. तिनं पेन थांबवून वर पाहिलं. मग त्याच्या हातातून कांबळी घेतली, दोन्ही हातांनी, आणि वहीत लिहिलं. कांबळ्यांना अजून आमाच्या चुलीच्या धुराचा वास येत होता.